फॉन्टातून सुटलेला मजकूर

कृतिदेव फॉन्टात टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला, की पाच रोमन अक्षरे दिसतात: ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच. फाइल बिघडली असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ती आधीपासून तशीच असते. तिच्यात साठवलेली असतात रोमन अक्षरेच. फॉन्टाने ‘ई’च्या घरात ‘म’चे चित्र ठेवलेले असते आणि ‘के’च्या घरात कान्याचे. माणसाला शब्द दिसतो, यंत्राला दिसत नाही. १९९० च्या दशकात आणि पुढेही बरीच वर्षे महाराष्ट्रातल्या डीटीपी दुकानांतून लग्नपत्रिका, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, दिवाळी अंक, कादंबऱ्या अशा सगळ्या गोष्टी याच रीतीने जुळवल्या गेल्या. संगणकात त्यानंतर जे जे नवे आले, त्यातले कामाचे किती आणि दिखाऊ किती हे डीटीपीच्या टेबलावर बसणाऱ्याला फार लवकर कळते, कारण त्याचे पैसे पानावर ठरतात आणि चुकीचे पान पुन्हा फुकट करून द्यावे लागते.

अडचण मुळात जागेची होती. आठ बिटांच्या फॉन्टात घरे २५६, त्यातलीही सगळी वापरता येत नसत. मुळाक्षरे, अर्धी अक्षरे, मात्रा, रफार, जोडाक्षरे आणि अंक एवढ्यात बसवायचे, तर अक्षरांचे तुकडे पाडावे लागतात. खिळ्यांच्या छापखान्यातल्या जुळाऱ्याला यात नवल वाटले नसते. त्याच्या केसमध्येही अर्धी अक्षरे आणि मात्रा वेगळ्याच ठेवलेल्या असत. फरक एवढाच, की संगणकावर प्रत्येक कंपनीने तुकडे आपल्या सोयीने पाडले आणि घरेही आपल्या सोयीने वाटली. श्रीलिपीतला मजकूर आकृतीत निरर्थक, आकृतीतला आयएसएममध्ये निरर्थक, शिवाजी फॉन्टातला तर शिवाजी फॉन्टाखेरीज कुठेच अर्थपूर्ण नाही. प्रमाण ठरवलेलेच नव्हते असे नाही. भारतीय लिप्यांसाठीची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली होती आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये त्यावर मोठे काम झाले होते. पण दुकानात पाने जुळवायला चालत होता पेजमेकर, आणि पेजमेकरला ओळख होती ती फॉन्टाची.

त्या काळच्या कामाला एक ठरलेली लय होती. मराठीचे सॉफ्टवेअर विकत घेतले की सोबत एक लॉक येई. प्रिंटरच्या पोर्टात ती ठोकळ्यासारखी वस्तू खोचली, तरच कळफलक मराठीत चाले. पोर्ट सैल झाला, धूळ बसली, की चालू कामात मराठी बंद. लॉक हरवले तर सॉफ्टवेअरही गेल्यातच जमा, म्हणून संध्याकाळी दुकान बंद करताना ते काढून गल्ल्यात ठेवणारे मालक होते. मजकूर जुळवून झाला की लेझर प्रिंटवर प्रूफ, लेखकाकडून लाल शाईने भरलेले पान परत, दुरुस्त्या, दुसरे प्रूफ, आणि शेवटी ट्रेसिंग पेपरवर उलटा प्रिंट काढून छापखान्याकडे. फाइल स्वतः दुकानाबाहेर क्वचितच जाई. गेलीच, तर दुसऱ्या दिवशी हमखास फोन येई: ‘फॉन्ट पाठवा.’ मग फॉन्टाची फाइल फ्लॉपीवर घालून द्यायची. फ्लॉपीत १.४४ एमबी मावत, त्यामुळे फॉन्ट बसे. त्यात चित्रे असलेला अहवाल मात्र बसत नसे.

या पद्धतीचा खरा जाच पानावर दिसत नसे. पान सुरेख छापून येई. जाच पुढच्या कामात असे. तीनशे पानांच्या पुस्तकात एका व्यक्तीचे आडनाव बदलायचे असेल तर शोध घेता येई, पण ऑपरेटरने जसे टाइप केले तसेच शोधायला हवे. ‘र्की’ हे अक्षर एका ऑपरेटरने आधी वेलांटी आणि मग रफार देऊन काढलेले असे, दुसऱ्याने रफार आणि वेलांटी एकत्र असलेले तयार चिन्ह वापरून. कागदावर दोन्ही एकसारखी, शोधात दोन वेगळी. अकारविल्हे यादी लावणे तर अशक्यच. यंत्राच्या लेखी अक्षरांचा क्रम रोमन होता. ग्रंथाची सूची करायची तर कागदाच्या चिठ्ठ्या पाडायच्या, सतरंजीवर मांडायच्या, हाताने लावायच्या आणि मग त्या क्रमाने टाइप करायच्या. संगणक असलेल्या खोलीत, संगणकाच्या शेजारीच, हे काम चाले.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालीच प्रसिद्ध झाली होती. तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा एक गट मिळाला आणि त्याची मांडणी इस्कीवरून घेतलेली होती. तत्त्व सोपे होते: ‘क’ला जगभर एकच क्रमांक, मग फॉन्ट कोणताही असो. अर्धे ‘क’, रफार, जोडाक्षर यांना वेगळे क्रमांक द्यायचे नाहीत; क, पायमोड आणि ष असे तीन क्रमांक ओळीने साठवायचे आणि ‘क्ष’ कसा काढायचा ते फॉन्टाने ठरवायचे. म्हणजे साठवण उच्चाराच्या क्रमाने आणि चित्र लिपीच्या नियमाने. मात्र हे चित्र जुळवणारी यंत्रणा घरगुती संगणकावर यायला दशक गेले. विंडोज २००० मध्ये ती आली आणि तिच्यासोबत र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा फॉन्ट आला. विंडोज एक्सपीतही सोय होती, पण झाकलेली. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक चौकट टिचकवायची, मग यंत्र मूळ सीडी मागे. ती सीडी बहुतेकांकडे नसे. त्यामुळे एक्सपी असलेल्या हजारो संगणकांवर मराठी होती आणि नव्हतीही; अक्षरांऐवजी चौकोनी डबे दिसत आणि ‘युनिकोड चालत नाही’ असा समज पक्का होई.

छपाईच्या धंद्यात हा समज खराच होता. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, २००१ सालची. तिला युनिकोड मराठी कधीच कळली नाही. पाने जुळवणारे नवे सॉफ्टवेअर म्हणून इनडिझाइन होते, पण त्यातही देवनागरी तुटून येई. ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या मागे जाऊन बसे, जोडाक्षरे उघडी पडत. २०१२ मध्ये आलेल्या सीएस ६ या आवृत्तीपासून भारतीय लिप्या नीट बसू लागल्या, तेही परिच्छेदाच्या रचनेसाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडला तरच. आजही कोणी नवा ऑपरेटर वेलांट्या पुढेमागे झालेले पान घेऊन आला, की जाणता माणूस फॉन्ट बदलून बघत बसत नाही, आधी हा पर्याय तपासतो. यामुळे बरीच वर्षे मराठीचे दोन संसार समांतर चालले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, लोक इंटरनेटवर युनिकोडमध्ये लिहू लागले, वाद घालू लागले. आणि त्याच लोकांची पुस्तके मात्र जुन्या फॉन्टात पुन्हा टाइप होत राहिली. लेखकाने ईमेलने पाठवलेला मजकूर दुकानात छापून घ्यायचा आणि तो कागद समोर ठेवून पुन्हा बडवायचा, हे दृश्य तेव्हा रोजचे होते. दोनदा टायपिंग, दोनदा चुका.

कळफलकाचा प्रश्न याहून चिवट निघाला, कारण तो बोटांत असतो. टंकलेखन संस्थांमधून ३० आणि ४० शब्द प्रतिमिनिटाच्या परीक्षा दिलेल्या माणसांची बोटे रेमिंग्टनच्या रचनेवर बसलेली होती. गोदरेजच्या मराठी टाइपरायटरवरून ती थेट संगणकावर आली. जुन्या फॉन्टांनीही तीच रचना उचलली. शासनमान्य इनस्क्रिप्ट रचना १९८६ पासूनची आणि विचारपूर्वक केलेली आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, आणि क-ख, प-फ, च-छ अशा जोड्या एकाच कळीवर, शिफ्ट दाबली की महाप्राण. वर्णमाला ठाऊक असलेल्याला ती आठवड्यात पाठ होते. पण चाळीसच्या वेगाने बडवणाऱ्याला तो आठवडा परवडत नाही. वेग दहावर येतो, पाने तुंबतात, गिऱ्हाईक खोळंबते. त्यामुळे इनस्क्रिप्टकडे वळले ते बहुधा नवे लोक, किंवा ज्यांना कधी वेग आलाच नव्हता असे. जुन्यांसाठी युनिकोडमध्येच रेमिंग्टन रचना देणारी साधने निघाली, आणि कामाच्या दृष्टीने तीच तडजोड सर्वांत शहाणपणाची ठरली.

इंग्रजी कळफलकावर उच्चाराप्रमाणे टाइप करून मराठी उमटवणारी साधने, म्हणजे आधी बरहा आणि मग गूगलचे इनपुट टूल, यांनी ऑपरेटर नसलेल्यांना लिहिते केले. प्राध्यापक, निवृत्त शिक्षक, गृहिणी, वकील आपापल्या घरी टाइप करू लागले आणि दुकानाकडे हस्तलिखितांऐवजी फाइली येऊ लागल्या. गूगलचे ते साधन विंडोजवर उतरवून घेण्याची सोय पुढे बंद झाली, तरी त्याची फाइल पेनड्राइव्हवरून हातोहात फिरत राहिली. विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे महिन्यातल्या अद्ययावतीकरणापासून मराठीसह दहा भारतीय भाषांचे उच्चाराधारित कळफलक आतच आले, तेव्हा ती फिरवाफिरव थांबायला हरकत नव्हती. सवय मात्र थांबली नाही. या साधनांचा एक दोष ऑपरेटर लगेच ओळखतो. ती अंदाज करतात, आणि अंदाज यादीतल्या पहिल्या शब्दावर घसरतो. ‘पाणी’ की ‘पानी’, ‘दिन’ की ‘दीन’ याचा निवाडा लिहिणाऱ्याने थांबून करावा लागतो. घाईत लिहिणारा थांबत नाही, आणि त्याने न केलेला निवाडा दुकानात येऊन पडतो.

जुना मजकूर नव्यात आणणारे परिवर्तक, म्हणजे दुकानाच्या भाषेत ‘कन्व्हर्टर’, हे या सगळ्या वर्षांतले सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी लेखलेले साधन. दिसायला ते अगदी भिकार असते: दोन चौकटी, मध्ये एक बटण. वरच्या चौकटीत गिचमिड चिकटवायची, बटण दाबायचे, खालच्या चौकटीत मराठी येते. आत चालणारे काम मात्र नाजूक आहे. कृतिदेवमध्ये ‘विद्यार्थी’ टाइप करताना ‘वि’ची वेलांटी सर्वांत आधी दाबली जाते आणि ‘र्थी’चा रफार सर्वांत शेवटी, ‘थी’ पूर्ण झाल्यावर. युनिकोडला वेलांटी ‘व’नंतर हवी आणि रफाराचा ‘र’ ‘थ’च्या आधी. म्हणजे परिवर्तकाने अक्षरे नुसती बदलायची नाहीत, वेलांटी पुढे ढकलायची आणि रफार मागे न्यायचा. किती मागे, ते मधल्या जोडाक्षराच्या लांबीवर अवलंबून. साध्या शब्दात तो चुकत नाही. ‘मार्मिक’मध्ये रफार आणि वेलांटी दोन्ही एकाच ‘म’वर येतात, ‘वर्त्स्य’मध्ये रफार तीन व्यंजनांच्या गाठीवर बसतो. अशा जागी डोळा लावून बसावे लागते.

चुकांची जातकुळी एकदा ओळखू आली की काम सोपे होते. अनुभवी ऑपरेटर परिवर्तित मजकूर पहिल्या ओळीपासून वाचायला घेत नाही. तो आधी ठरलेल्या जागा शोधतो. एक, मजकुरातले इंग्रजी शब्द: चिकटवताना फॉन्टाची माहिती गळून पडते आणि खऱ्या इंग्रजी शब्दाचेही परिवर्तक इमानेइतबारे मराठी करतो, त्यामुळे एखाद्या कंपनीच्या नावाच्या जागी अगम्य अक्षरांचा पुंजका येतो. दोन, अवतरणचिन्हे आणि डॅश, कारण जुन्या फॉन्टांत त्यांच्या घरात भलतेच अक्षर बसवलेले असे. तीन, ‘अ’ला काना देऊन काढलेला ‘आ’ आणि ‘अ’ला काना-मात्रा देऊन काढलेला ‘ओ’. जुन्या फॉन्टात ही अक्षरे अशीच तुकडे जोडून काढत, आणि कच्चे परिवर्तक ते तुकडे तसेच सोडतात. पडद्यावर ‘आई’ अगदी ‘आई’सारखीच दिसते, शोधले तर सापडत नाही. अशा पंधरा-वीस शोध-बदलांची यादी बहुतेक दुकानांत एका वहीच्या मागच्या पानावर किंवा एका मजकूर-फाइलीत असते आणि ती सहसा कोणाला दिली जात नाही. नोटपॅड प्लस प्लससारख्या फुकट संपादकात हे बदल एका बैठकीत करता येतात. वर्डमध्ये करण्यापेक्षा तिथे केलेले बरे, कारण वर्ड मध्येच आपली हुशारी दाखवतो.

सारखी दिसणारी पण वेगळी असलेली अक्षरे ही युनिकोडने दिलेली नवी डोकेदुखी. ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत मिळाला. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्रकोर ठेवत, आणि अजूनही ठेवतात. एकाच पुस्तकात एका प्रकरणातला ‘ॲड्व्होकेट’ एका रीतीचा आणि पुढच्यातला दुसऱ्या, असे सर्रास आढळते. ‘ऱ्य’ची तीच गत. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांत स्वयंपाकघर आणि मठ एवढे अंतर. ते अंतर राखणारा अर्धा ‘र’ दोन वेगळ्या प्रकारे काढता येतो, एकदा नुक्त्याच्या ‘ऱ’पासून आणि एकदा ‘र’ला पायमोड देऊन पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह टाकून. छापील पानात फरक पडत नाही, शोधात पडतो. यावर दोन साध्या सोयी फार उपयोगी पडतात. वर्डची ऑटोकरेक्ट यादी, जिच्यात जुना ‘ॲ’ टाकला की नवा येईल असे एकदाच सांगून ठेवता येते. आणि विंडोज १० मध्ये २०१८ च्या शेवटी आलेला क्लिपबोर्डचा इतिहास. विंडोजची कळ आणि व्ही एकत्र दाबले की आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी उघडते आणि तिच्यात नेहमी लागणारी अक्षरे टाचून ठेवता येतात. या सोयीची जाहिरात कधी कोणी पाहिली नसेल. ज्या टेबलावर ती कळली तिथून ती हटली नाही.

‘ल’ आणि ‘श’ यांच्या रूपांचा प्रश्न यातच येतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमालेचे आणि लिपीचे प्रमाणीकरण केले, आणि त्यात पाकळीचा ‘ल’ व शेंडीफोड्या ‘श’ मराठीचे म्हणून ठरले. युनिकोडच्या लेखी हिंदीचा ‘ल’ आणि मराठीचा ‘ल’ एकच आहे. ज्या फॉन्टात दोन्ही रूपे भरलेली असतात, तिथे मजकुराची भाषा मराठी अशी निवडली की रूप आपोआप बदलते. भाषा हिंदी राहिली, तर सगळे पुस्तक हिंदी वळणाचे येते आणि ते मुखपृष्ठ छापून झाल्यावर एखाद्या शिक्षकाच्याच लक्षात येते.

अकारविल्हे लावणे आता यंत्र करते. चिठ्ठ्या आणि सतरंजी गेली. तरी ‘ळ’ने घोळ घालायचा तो घातलाच. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ची जागा ‘ल’च्या लगेच नंतर आहे, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना तर तक्त्यात जागाच नाही. ते ‘क’ आणि ‘ज’ यांच्या पोटात जातात. मराठीचा क्रम जाणणारी यादी निवडली तर हे सुटते, पण मग प्रकाशकाला ‘ज्ञानेश्वर’ ‘ज’खाली हवे असतात. हा वाद यंत्राच्या आधीपासूनचा आहे.

छापील पानावरून मजकूर उचलणारी साधने, ज्यांना सगळे ओसीआर म्हणतात, मराठीच्या कामी आली ती गेल्या दहा वर्षांत. टेसरॅक्ट हे साधन ह्यूलेट-पॅकार्डने १९८० च्या दशकात सुरू केलेले, २००५ मध्ये मुक्त झालेले. पण देवनागरीच्या शिरोरेषेपुढे ते बराच काळ अडखळे. २०१८ मध्ये त्याची चौथी आवृत्ती मज्जाजालाच्या, म्हणजे न्यूरल नेटवर्कच्या तंत्रावर आली आणि मराठी वाचण्याजोगी निघू लागली. दुकानात मात्र जास्त चालतो तो गूगल ड्राइव्हचा सोपा मार्ग: पानाचा फोटो चढवायचा आणि तो गूगल डॉक्समध्ये उघडायचा. खाली मजकूर आलेला असतो. पन्नास वर्षांपूर्वीचे पुस्तक पुन्हा काढायचे असेल, तर पूर्वी महिना लागे. आता पाने टिपायला एक दिवस आणि वाचायला पंधरा. वाचण्याचे पंधरा दिवस धरले नाहीत, तर काम फसते. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांची अदलाबदल होते. खिळ्यांच्या छपाईत तुटलेला उकार नाहीसा होतो. कागदावरचा डाग अनुस्वार बनून शब्दावर बसतो. यातली वाईट गोष्ट अशी, की चुकीचा शब्दही पुष्कळदा खरा शब्द असतो. ‘घर’चे ‘धर’ झाले तर शुद्धलेखन तपासणारे यंत्र काही बोलत नाही.

जुन्या पुस्तकांत अडचण दुहेरी. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांना शासनाने १९६२ मध्ये मान्यता दिली, १९७२ मध्ये आणखी चार नियम आले. त्याआधीच्या छपाईत उच्चारात नसलेले अनुस्वार भरपूर. यंत्र त्यांतले काही उचलते, काही सोडते. परिणामी एकाच परिच्छेदात दोन काळांचे शुद्धलेखन येते आणि प्रकाशकाला आधी ठरवावे लागते, की जुने जसेच्या तसे ठेवायचे की सगळे नवे करायचे. हे न ठरवता काम घेणाऱ्या ऑपरेटरने ते दोनदा केलेले आहे.

बोलून टाइप करण्याची सोय गूगलने मराठीसाठी ऑगस्ट २०१७ मध्ये दिली. ज्यांची बोटे चालत नाहीत पण स्मरण शाबूत आहे, अशा वृद्ध लेखकांसाठी तिच्याइतके मोलाचे काहीच आलेले नाही. फोन समोर धरून ते आत्मचरित्र सांगतात आणि नातवंड तो मजकूर पाठवून देते. दुकानात येते ते एक अखंड वाक्य. विरामचिन्हे नाहीत, परिच्छेद नाहीत, गावांची आणि माणसांची नावे जवळच्या एखाद्या परिचित शब्दात बदललेली, आणि मधूनमधून ‘जरा पाणी दे गं’ असेही उमटलेले. प्रमाण भाषेत सावकाश बोलणाऱ्याचे जवळजवळ निर्दोष येते. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्याचे यंत्र आपल्या मनाने प्रमाण करून टाकते, आणि मूळ ध्वनिमुद्रण जपून ठेवले नसेल तर काय बोलले होते ते कळायला मार्ग उरत नाही. म्हणून आता चांगले ऑपरेटर आधीच सांगतात: टाइप नंतर, आधी नुसते रेकॉर्ड करा.

मूळ जपून ठेवण्याची ही गरज २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यानंतर जास्त ठळक झाली. शुद्धलेखन तपासणारी हन्स्पेलसारखी साधने आधीपासून होती. ती शब्द यादीत आहे की नाही एवढेच पाहत आणि संशयित शब्दाखाली लाल रेघ मारून बाजूला होत. नवी साधने दुरुस्त करून देतात, तेही परिच्छेदच्या परिच्छेद, तक्रार न करता. विरामचिन्हे घालणे, बोललेल्या मजकुराचे परिच्छेद पाडणे, ओसीआरमधली ‘घ-ध’ची चूक संदर्भावरून ओळखणे यांत ती खरोखर तरबेज आहेत, आणि जे काम दोन दिवसांचे होते ते दुपारपर्यंत होते. पण ती हात राखत नाहीत. पात्राच्या तोंडचे ‘व्हतं’ ‘होते’ बनते, लेखकाने मुद्दाम तोडलेले वाक्य जोडले जाते, जुना अनुस्वार पुसला जातो, आणि बदल इतका गुळगुळीत असतो की मूळ शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. यासाठी दुकानात एक पद्धत रुळली आहे: यंत्राने दिलेला मजकूर आणि मूळ मजकूर वर्डच्या ‘कंपेअर’ या सोयीत समोरासमोर घालायचे आणि प्रत्येक बदल डोळ्याने पाहून घ्यायचा किंवा टाकायचा. लांबलचक मजकूर एकदम दिला तर मधली पाने गाळण्याचा किंवा थोडक्यात आटोपण्याचा प्रकारही घडतो. म्हणून तो दोन-तीन पानांच्या तुकड्यांनी दिला जातो आणि शेवटी शब्दसंख्या मोजून पाहिली जाते. मुद्रितशोधकाचे काम यामुळे कमी झाले असे गिऱ्हाइकाला वाटते आणि तो दर पाडून मागतो. काम कमी झालेले नाही. पूर्वी चुका अडाणी असत आणि चटकन दिसत. आता त्या सुशिक्षित असतात.

उरली साठवण. तिच्याबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे, आणि ते थोडे फार कमी लोक करतात. पीडीएफ ही छापायची वस्तू आहे, मजकूर जपायची नव्हे. तिच्यात पानावरची चित्ररूपे साठवलेली असतात, आणि युनिकोड मराठी असलेल्या पीडीएफमधून मजकूर उचलला तरी वेलांट्या सुटतात आणि जोडाक्षरे गळतात. म्हणून पुस्तक छपाईला गेले की तीन गोष्टी एकत्र ठेवायच्या: पानांची मूळ फाइल, तिची पीडीएफ आणि अंतिम मजकुराची साधी यूटीएफ-८ फाइल. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, तरीही तीनशे पानांची कादंबरी दोन-तीन एमबीच्या पुढे सहसा जात नाही. एक प्रत दुकानातल्या दुसऱ्या डिस्कवर, एक गूगल ड्राइव्हच्या फुकट मिळणाऱ्या १५ जीबीत, एक लेखकाच्या हातात. फाइलच्या नावात तारीख; ‘फायनल’, ‘फायनल नवी’, ‘फायनल खरी’ अशी नावे नकोत.

जुन्या दुकानांत या सगळ्याच्या शेजारी, कोपऱ्यात, अजून एक संगणक झाकून ठेवलेला आढळतो. त्यावर विंडोज एक्सपी, पेजमेकर आणि प्रिंटरच्या पोर्टात खोचलेले लॉक. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला काढून घेतला, त्यामुळे ते यंत्र इंटरनेटला जोडलेले नसते. फाइली पेनड्राइव्हवरून आत-बाहेर जातात. महिन्यातून एखादे गिऱ्हाईक येते: संस्थेची वीस वर्षांपूर्वीची स्मरणिका, वडिलांचा कवितासंग्रह, जातीच्या मंडळाची वंशावळ. सीडी वाचली गेली तर फाइल त्या यंत्रावर उघडतात, आधी जसे पान दिसते तसा त्याचा कागदावर प्रिंट काढतात, मग मजकूर एक-एक प्रकरण उचलून परिवर्तकात घालतात आणि तो प्रिंट समोर ठेवून ओळीने पडताळतात. पडताळणी झाल्याशिवाय प्रिंट फाडत नाहीत. गिऱ्हाईक निघताना विचारते, की आता हे फोनवर पाठवता येईल का. येते. तिथेच, काउंटरवर उभ्या उभ्या, ते पहिले पान व्हॉट्सॲपवर उघडून वाचू लागते आणि बहुधा पहिल्याच परिच्छेदात एक चूक काढते, जी वीस वर्षांपूर्वीच्या छापील प्रतीतही तशीच असते.